हेल्महोल्ट्झ, बास आणि आपला कान

हेडफोनच्या खोक्यावर दोन गोष्टी हमखास छापलेल्या असतात. एक, खोल बास आणि स्वच्छ आवाज यांचे आश्वासन. दुसरी, २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ हे आकडे. स्वस्तातल्या खोक्यावर ते असतात आणि महागड्या खोक्यावरही तेच असतात. मग दुकानात उभ्या असलेल्या माणसाने त्यावरून ठरवायचे काय? हल्ली रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेता घेता लोक याचाही सल्ला विचारतात. बहुधा मुलासाठी किंवा मुलीसाठी विचारतात, आणि प्रश्न असा असतो की कोणता घेतला तर गाणेही चांगले ऐकू येईल आणि कानही शाबूत राहतील.

याचे उत्तर खोक्यावर नाही, कानात आहे. आणि कान हे यंत्र सूर वेगवेगळे कसे करते, हा प्रश्न प्रयोग आणि गणित अशी दोन्ही हत्यारे घेऊन ज्यांनी हाती घेतला, ते हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी त्यांना ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमासाठी ओळखतात, नेत्रतज्ज्ञ डोळ्याचा पडदा दाखवणाऱ्या ऑफ्थॅल्मोस्कोपसाठी. ते मूळचे आमच्या पेशातले, सरकारी खर्चाने शिकलेले डॉक्टर होते, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते.

जन्म ३१ ऑगस्ट १८२१, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावी. वडील शाळामास्तर. मुलाला भौतिकशास्त्र शिकायचे होते, पण मास्तरच्या पगारात ते बसणारे नव्हते. प्रशियाच्या सरकारची बर्लिनमध्ये एक संस्था होती, तिथे वैद्यकीचे शिक्षण फुकट मिळे. बदल्यात आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. आजच्या भाषेत बाँड. १८३८ साली हर्मान तिथे दाखल झाला, तो आपला पियानो बरोबर घेऊन. दिवसभर शरीरशास्त्र आणि जेमतेम मोकळ्या वेळात मोझार्ट, बेथोव्हेन असा त्याचा क्रम होता. पुढे ज्या माणसाने पियानोच्या तारांवरून कानाची कल्पना केली, त्याला ती कल्पना कुठून सुचली असेल हे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थीदशेत तो तापाने गंभीर आजारी पडला आणि काही काळ शारिटे रुग्णालयात होता. विद्यार्थी म्हणून उपचार फुकट होते, त्यामुळे त्या काळातला भत्ता शिल्लक राहिला. त्या पैशांतून त्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि त्याच्याच आधारे मज्जातंतूंवरचा प्रबंध लिहून १८४२ मध्ये डॉक्टरकी मिळवली. आजारपणातून बचत झाल्याचे असे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पॉट्सडॅमच्या छावणीत लष्करी डॉक्टर असतानाच त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध लिहिला. त्या वेळच्या प्रमुख भौतिकशास्त्रीय नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, तेव्हा १८४७ मध्ये तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाला. वय पंचवीस-सव्वीस. लवकरच बाँडमधून मुदतीआधी सुटका झाली आणि १८४९ मध्ये क्योनिग्सबर्गला प्राध्यापकी मिळाली. तिथे त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजले. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांच्या मते हा वेग मोजताच येण्याजोगा नव्हता. शिष्याच्या मोजणीत तो सेकंदाला साधारण २७ मीटर निघाला, म्हणजे महामार्गावरच्या मोटारीइतका. मग ऑफ्थॅल्मोस्कोप आला. त्याची कथा मोठी आहे, पण ती डोळ्याची. आपण कानाकडे वळू.

पत्नी ओल्गा यांना क्षय होता. क्योनिग्सबर्गची थंडी सोसत नव्हती, म्हणून १८५५ मध्ये कुटुंब बॉनला आले आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला. पुढच्याच वर्षी ओल्गा गेल्या. दोन लहान मुले, स्वतःची डोकेदुखी आणि विद्यापीठाचा व्याप यांत हेल्महोल्ट्झ ध्वनीवर काम करत राहिले. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला, आणि १८६३ मध्ये स्वरांच्या संवेदनेवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. शरीरशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संगीत हे तिन्ही एका माणसाला सारखेच अवगत असावेत, हे तेव्हाही दुर्मीळच होते.

त्यांचे मुख्य हत्यार अगदी साधे होते. काचेचा किंवा पितळेचा पोकळ गोळा. त्याला दोन भोके, एक आवाज आत यायला आणि दुसरे निमुळते, मेण लावून कानात घट्ट बसवायला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकले की एक ठरावीक सूर घुमतो. नळाखाली घागर भरताना तो सूर चढत जातो, कारण आतली हवा कमी होत जाते. हा गोळा म्हणजे तशीच बाटली. बाहेर शंभर आवाज असले तरी ज्याच्याशी त्याचा सूर जुळतो तेवढाच त्यात घुमतो, बाकीचे दबतात. लहान-मोठ्या गोळ्यांची मालिकाच त्यांनी करवून घेतली आणि एकेक कानाला लावून व्हायोलिन, माणसाचा गळा, घंटा असे सगळे ऐकले.

त्यांना दिसले ते असे, की वाद्याचा एक सूर हा एकटा नसतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक वाद्यात निराळे असते. तोच षड्ज बासरीवर वेगळा आणि सनईवर वेगळा वाटतो तो यामुळे. आपल्याकडच्या गाणाऱ्यांना हे तंबोऱ्याने शिकवलेले असते. सुरेल लागलेल्या खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला स्वयंभू गंधार उमटतो, तो त्या तारेचा पाचवा अंश. हेल्महोल्ट्झ यांना तंबोरा ठाऊक असल्याचे मी कुठे वाचलेले नाही, पण त्यांचा योग्य मापाचा गोळा खर्जाजवळ धरला तर नेमका तो गंधार घुमेल. त्यांच्या ग्रंथाचा आपल्या देशाशी एक खरा धागा मात्र आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्यावर ठसा उमटवणाऱ्या मोजक्या पुस्तकांत त्याचे नाव घेतले होते, आणि १९२० मध्ये त्यांनी दाखवून दिले की मृदंग-तबल्याच्या पुडीवरच्या शाईमुळे तिचे उपस्वर एरवीच्या ढोलासारखे विस्कळीत न राहता सुरात येतात.

हेडफोन घेणाऱ्यासाठी यातला उपयोगाचा भाग असा. ज्याला आपण बास म्हणतो तो साधारण २० ते २५० हर्ट्झचा प्रदेश. डग्गा, ढोल, बास गिटार यांचा. ज्याला स्वच्छ आवाज म्हणतो तो बहुतांशी २,००० ते ८,००० हर्ट्झच्या आसपासच्या उपस्वरांवर आणि व्यंजनांवर ठरतो. गायकाने शब्दातला स, श, फ, त कसा टाकला हे तिथून कळते. म्हणजे या दोन मागण्या कानाच्या दोन वेगळ्या टोकांच्या आहेत.

टोके हा शब्द मी जपूनच वापरला आहे. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे, आणि त्यांच्या पलीकडे शंखासारखी वळलेली कर्णावर्त नावाची नळी असते. ती उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरते. तिच्या आत लांबीभर एक पडदा ताणलेला असतो. सुरुवातीला अरुंद, शेवटाकडे रुंद. हेल्महोल्ट्झ यांनी तर्क केला की हा पडदा म्हणजे पियानोच्या तारांची रांग. पियानोचा दट्टा दाबून तारा मोकळ्या ठेवल्या आणि त्यावर तोंड धरून गायले तर ज्या तारा त्या सुराशी जुळतात तेवढ्याच झंकारतात. तसाच अरुंद टोकाकडचा भाग वरच्या सुरांना आणि रुंद टोकाकडचा खालच्या सुरांना डोलत असणार, आणि कुठला भाग डोलला यावरून मेंदूला सूर कळत असणार.

गोळ्याचे तत्त्व पुढे थेट आपल्या घरात आले. मोठ्या स्पीकरच्या खोक्याला जे गोल भोक असते, ते सजावटीचे नसते. खोक्यातली हवा आणि भोकातली हवा मिळून हेल्महोल्ट्झ यांचाच गोळा होतो आणि बासला उठाव येतो. हेडफोनची कहाणी मात्र एका चुकीतून सुरू होते. तरुण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या हाती हा जर्मन ग्रंथ पडला. त्यात विजेवर सतत कंप पावणाऱ्या नादकाट्यांचे एक यंत्र होते. निरनिराळ्या प्रमाणात सूर मिसळून हेल्महोल्ट्झ यांनी त्यातून अ, ओ, ऊ यांसारखे स्वर काढले होते. बेलना जर्मन धड येत नव्हते. आकृत्या पाहून त्यांची समजूत झाली की या माणसाने बोलण्यातले स्वर तारेतून दूर पाठवले आहेत. तसे काही झालेले नव्हते, पण झाले आहे असे वाटल्यामुळे बेल कामाला लागले. १८७४ मध्ये त्यांनी मृताच्या कानाचा पडदा घेऊन प्रयोग केले. एवढा पातळ पडदा हाडांना हलवतो तर जाड पडदा लोखंडाला का हलवणार नाही, असा विचार त्यांनी केला, आणि १८७६ मध्ये टेलिफोन बोलला. कानाला लावायचा त्यातला भाग हा आजच्या प्रत्येक हेडफोनचा पूर्वज.

टेलिफोनवरून हेल्महोल्ट्झ यांची एक चूकही समजते. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढेच जात असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो तारेत शिरतच नसे. तरीही बोलणारे काका आहेत की काकू, हे क्षणात कळे. न आलेला खालचा सूर कान ऐकत होता! हा चमत्कार आउगुस्ट झेबेक यांनी १८४०च्या दशकात सायरनवर दाखवला होता. गेओर्ग ओम, विजेच्या नियमाचेच ओम, त्यांना तो भ्रम वाटला. हेल्महोल्ट्झ यांनी ओमची बाजू घेतली आणि हा सूर कानाच्या यांत्रिक रचनेतच तयार होतो असे म्हटले. त्यांच्या नावाचा दबदबा एवढा, की झेबेक बराच काळ विस्मरणात गेले. विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी सिद्ध झाले की उपस्वरांची रचना ओळखून हा मूळ स्वर मेंदू भरून काढतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधूनही डग्गा वाजल्यासारखा वाटतो तो बराचसा या मेंदूच्या उदारपणामुळे.

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पैशांअभावी ज्या विषयाचे शिक्षण सोडावे लागले होते, त्याचे पद पन्नाशीत मिळाले. शिकवण्यात ते फार रमत नसावेत. तयारी न करता शिकवणारे गुरुजी अशी त्यांची आठवण माक्स प्लांक यांनी लिहून ठेवली आहे. पण विद्यार्थी हेरण्याची नजर पक्की होती. हाइनरिश हर्ट्झ हा त्यांचा लाडका विद्यार्थी. मॅक्सवेल यांच्या सिद्धांताचा कस लावणाऱ्या प्रश्नाकडे त्यांनीच त्याला वळवले आणि १८८०च्या दशकाअखेर हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष दाखवल्या. बिनतारी हेडफोनला फोनकडून गाणे पोहोचते ते अशाच लहरींवरून, आणि खोक्यावरचा तो आकडाही याच हर्ट्झच्या नावाने मोजला जातो. १ जानेवारी १८९४ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झ गेला. त्याच्या अखेरच्या पुस्तकाची प्रस्तावना थकलेल्या गुरूने लिहिली. त्याआधी मुलगा रॉबर्टही गेला होता. १८९३ मध्ये शिकागोहून परतताना हेल्महोल्ट्झ जहाजाच्या जिन्यावरून पडले होते आणि त्यातून पुरते सावरले नाहीत. मेंदूतील रक्तस्रावानंतर ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

कानातल्या तारांचा त्यांचा तर्क तपासला गेला तो एका टेलिफोनवाल्याकडून. गेओर्ग फॉन बेकेशी बुडापेस्टला हंगेरीच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत काम करत. त्यांनी मृतांच्या कर्णावर्तात सूर सोडून सूक्ष्मदर्शकातून पडदा पाहिला. सुट्या तारा तिथे नव्हत्या. सुरुवातीच्या टोकापासून निघून पुढे सरकणारी एक लाट होती. वरच्या सुराची लाट लगेच शिगेला पोहोचून विरते, खालच्या सुराची लाट पार शेवटापर्यंत जाते. म्हणजे कोणता सूर कुठे, हा हेल्महोल्ट्झ यांचा नकाशा बरोबर होता, यंत्रणा निराळी होती. बेकेशींना यासाठी १९६१ चे नोबेल मिळाले.

या लाटेत खोक्यावरच्या दोन आश्वासनांचे भांडण दडलेले आहे. बासची लाट शेवटापर्यंत जाताना वरच्या सुरांच्या प्रदेशातूनच जाते. ती जोरदार असली तर त्या प्रदेशालाही हलवते आणि तिथले नाजूक सूर झाकून टाकते. उलटे फारसे होत नाही. बारीक सूर बासला झाकू शकत नाहीत. म्हणून ज्या हेडफोनमध्ये बास मुद्दाम फुगवलेला असतो, त्यात शब्द अस्पष्ट होतात. मग ऐकणारा शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवतो, त्याबरोबर बासही वाढतो, आणि पुन्हा आवाज वाढवावासा वाटतो.

नुकसान कुठे होते, तर नेमके स्वच्छ आवाजाच्या प्रदेशात. कर्णावर्तातल्या केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. आमच्याकडच्या कान-नाक-घसा विभागात ऐकण्याची तपासणी केली की गोंगाटाने दुखावलेल्या कानाचा आलेख बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास खाली खचलेला दिसतो. बास शाबूत असतो. त्यामुळे त्या माणसाला ऐकू कमी येते असे वाटतच नाही. लोक नीट बोलत नाहीत असे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असा आहे; मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास उरतात आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे.

मग निवडायचे कसे? कानात घालायच्या इअरफोनमध्ये बास हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा बसण्यावर ठरतो. रबरी टोपी सैल असेल तर बास फटीतून निसटतो; हेल्महोल्ट्झ यांनी गोळ्याला मेण लावले ते उगीच नाही. खोक्यात दोन-तीन मापांच्या टोप्या येतात, त्या सगळ्या लावून पाहाव्यात. दोन कानांना दोन मापेही लागू शकतात. त्याच कारणाने बाहेरचा गोंगाटही अडतो आणि आवाज कमी ठेवूनही भागते. लोकल किंवा एसटीत रोज ऐकणाऱ्यांना गोंगाट रद्द करणाऱ्या यंत्रणेचा खरा उपयोग आहे, कारण इंजिनाची अखंड घरघर ती चांगली कापते. रस्ता ओलांडताना मात्र ती बंद असावी. २०,००० हर्ट्झच्या आकड्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. माझ्या वयाच्या बहुतेकांना १५,००० च्या पुढचे ऐकूच येत नाही, आणि कुठला भाग किती मोठा वाजतो हे त्या आकड्यातून कळतही नाही. त्यापेक्षा आपल्या पूर्ण ओळखीचे, शब्दप्रधान आणि तबल्याच्या साथीचे एक गाणे दुकानात कमी आवाजात ऐकावे. कमी आवाजात आपला कान मुळातच बासला थोडा बहिरा असतो, तेव्हा बास जरासा हलका वाटणारच. त्या पातळीवर शब्दातला श आणि स वेगळे कळत असतील आणि डग्ग्याची घुमार सुटी ऐकू येत असेल, तर तो हेडफोन चांगला. फोनमध्ये आवाजाच्या मर्यादेची सोय असेल तर ती त्याच दिवशी लावून टाकावी. आणि ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा दडे बसल्यासारखे वाटत असेल, तर नवा हेडफोन घेण्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती अर्ध्या तासात होते.